रंगभवन (धोबी तलाव, मुंबई)

रंगभवन हे धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं खुलं नाट्यगृह. आज हे नाव काढलं की बहुतेकांना 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवते, कारण हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर शहीद झाले ते कामा हॉस्पिटलजवळच्या याच रंगभवनच्या गल्लीत, आणि ते आठवायलाच हवं. पण त्याच्या आधीची वीस-पंचवीस वर्षं मुंबईत जॅझ आणि रॉक ऐकणाऱ्या पब्लिकसाठी रंगभवन म्हणजे हक्काची जागा होती, तीही लक्षात राहायला पाहिजे.

जागाच अशी मोक्याची की विचारू नका. सीएसटी, मरीन लाइन्स, चर्चगेट सगळं चालत जाण्यासारखं, म्हणजे डोंबिवलीचा पोरगा असो की वसईचा, कार्यक्रम संपल्यावर लोकल पकडून घरी जाऊ शकायचा. आणि धोबी तलाव हा मुळातच गाण्याबजावण्याचा भाग, फुर्टाडोजचं वाद्यांचं दुकान इथेच, आणि गोव्याहून नोकरीसाठी किंवा बोटीवर जाण्यासाठी आलेल्या लोकांच्या गावागावांच्या कूडी म्हणजे एकत्र राहायचे क्लब जेर महाल या इमारतीमध्ये आणि आजूबाजूला. मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा ज्या गोवन वादकांनी उभे केले त्यांचा वावर याच गल्ल्यांत असायचा.

1978 साली निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडिया संस्थेने इथे जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वर्षी अमेरिकेचा नावाजलेला सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स आला, 1980 ला तसाच स्टॅन गेट्झ. म्हणजे ज्यांच्या रेकॉर्ड मिळवायला लोक जंग जंग पछाडायचे ते समोर उभे राहून वाजवत होते, आणि त्याच स्टेजवर आपले पियानोवाले लुई बँक्स आणि सॅक्सोफोनवाले गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस कर्नाटक संगीताची गायिका रमामणी यांना सोबत घेऊन जॅझ आणि राग एकत्र वाजवत होते. माझ्या मते रंगभवनचं सगळ्यात मोठं काम हेच, बाहेरचे दिग्गज आणि इथले वादक एकाच स्टेजवर, आणि ते ऐकायला पंचतारांकित हॉटेलात जायची गरज नाही.

रॉकवाल्यांचं रंगभवन वेगळं. 1986 मध्ये फरहाद वाडियाने इंडिपेंडन्स रॉक म्हणजे आय-रॉक हे रॉक बँडचं फेस्टिव्हल सुरू केलं, 15 ऑगस्टच्या आसपास, म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि तेही खुल्या थिएटरात! पाऊस आला की पब्लिक जागेवरून हलायचं नाही, काळे टी-शर्ट चिंब भिजलेले, केस मोकळे सोडून माना हलवणं चालूच, आणि स्टेजवर मात्र अँपवर (गिटारच्या अँप्लिफायरवर) प्लास्टिक टाकायची धावपळ, कारण तेव्हा चांगला अँप किंवा ड्रमसेट मिळवणं ही बँडसाठी साधी गोष्ट नव्हती. रॉक मशीन, जे पुढे 1993 ला इंडस क्रीड झाले, त्यांच्यासारखे बँड इथल्याच पब्लिकसमोर मोठे झाले. नवीन बँडला परदेशी गाणी वाजवली की टाळ्या नक्की, स्वतःचं गाणं लावलं की धाकधूक, पण ते गाणं हजारो लोकांसमोर वाजवून बघायला दुसरी जागा होती कुठे?

बंद पडलं ते आवाजामुळे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम आले, त्यात हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्या भोवतीचं 100 मीटरचं अंतर शांतता क्षेत्र ठरलं, तिथे मर्यादा दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल आणि लाउडस्पीकरला बंदी. रंगभवनच्या शेजारी कामा आणि जीटी ही दोन हॉस्पिटलं, झेवियर्स आणि किल्ला कोर्ट, म्हणजे तिन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर, आणि वर छप्पर नाही त्यामुळे आवाज अडवायला काहीच नाही. मग इथल्या मोठ्या कॉन्सर्ट थांबल्या त्या थांबल्याच.

कामा हे बायकांचं आणि लहान मुलांचं हॉस्पिटल, तिथल्या बाळंतिणींनी रात्री हेवी मेटल रॉक का ऐकावं, त्यामुळे नियम चुकीचा होता असं अजिबात म्हणता येत नाही. चूक ही झाली की त्याच्या बदल्यात शहराच्या मध्यभागी, स्टेशनजवळ, परवडणारी अशी दुसरी जागा कोणी करून दिली नाही. आय-रॉक पुढे अंधेरीच्या चित्रकूट ग्राउंडवर वगैरे गेलं, छोटे बँड जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसरससारख्या क्लबमध्ये वाजवायचे, पुढे 2007 ला लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लू फ्रॉग हा लाइव्ह म्युझिकचा क्लब आला, तिथली साउंड सिस्टिम रंगभवनपेक्षा कितीतरी चांगली होती पण खिशात जेमतेम लोकलचा पास आणि वडापावचे पैसे असलेल्या कॉलेजच्या पोराला ते झेपणारं नव्हतं, आणि 2016 ला तेही बंद झालं.