घोडा वाहून नेणारी छोटी गाडी निवडताना आधी त्याच्या पायांना जागा किती ते बघा

घोडा उभ्या उभ्या झोपतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि त्यातूनच एक गैरसमज पक्का होऊन बसलाय की गाडीत तासन् तास उभं राहायला त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. मग एक-दोन घोडे वाहून नेणारी छोटी गाडी घ्यायला निघालेले लोक कॅमेरा बघतात, खोगीर ठेवायचं कपाट बघतात, सीट किती मऊ आहे ते बघतात, आणि घोडा जिथे उभा राहणार ती जागा "मावतोय ना, झालं तर मग" म्हणून दोन मिनिटांत उरकतात. मला हे फार खटकतं, कारण घोड्याच्या दृष्टीने गाडी म्हणजे तेवढीच जागा.

उभ्याने झोपण्याचं कौशल्य खरंच भारी आहे. मागच्या पायात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या एका कंगोऱ्यावर अडकते, आणि तो सांधा जवळपास लॉक होतो, पुढच्या पायात कंडरा आणि अस्थिबंध मिळून हेच काम करतात, म्हणजे स्नायूंना फारशी ताकद लावावी लागत नाही. (गाढ, स्वप्नांच्या झोपेसाठी मात्र घोड्याला आडवं व्हावंच लागतं.) पण ही सगळी व्यवस्था स्थिर जमिनीवरची आहे. जमीनच हलायला लागली की लॉक सोडावं लागतं आणि प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक वळणाला स्नायूंनीच तोल सांभाळायचा असतो. प्रवासात घोड्याच्या हृदयाचे ठोके आरामापेक्षा वाढलेले दिसतात, त्यात भीतीचा भाग असतोच, पण ह्या सततच्या मेहनतीचाही असतो.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या भागाकडे येतो, तोल. शाळेत शिकलोय की वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली जाणारी रेषा वस्तू जिथे टेकलीय त्या तळाच्या बाहेर पडली की वस्तू कलंडते. वळणावर गाडीच्या आत बसून बघितलं तर गुरुत्वाकर्षणात बाहेरच्या बाजूचा एक ओढा मिसळतो, म्हणजे ती रेषा तिरकी होते. घोड्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १.१ मीटर उंचीवर धरू, आणि नेहमीसारखा उभा असताना डाव्या-उजव्या खुरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ३० सेंटीमीटर धरू, म्हणजे मध्यापासून एका बाजूला फक्त १५. १५ भागिले ११० केलं की साधारण ०.१४ येतं, म्हणजे बाजूचा ओढा गुरुत्वाच्या १४ टक्क्यांवर गेला की काहीही न करता उभा असलेला घोडा कलंडायला लागेल.

हा ओढा किती असतो? वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. १०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ४० किलोमीटरने घेतलं, तर वेग सेकंदाला साधारण ११ मीटर, त्याचा वर्ग १२३ च्या आसपास, भागिले १०० म्हणजे १.२३, आणि हे ९.८ च्या जवळपास १३ टक्के झाले. म्हणजे ड्रायव्हरला ज्यात काहीच जाणवलं नाही त्या वळणावर घोडा आधीच कडेला आलेला असतो. तेच वळण ताशी ६० ने घेतलं की ओढा २८ टक्क्यांवर जातो, कारण वेग दीडपट झाला तरी वर्ग सव्वादोनपट होतो.

मग घोडा काय करतो? गच्च भरलेल्या बसमध्ये उभे असताना आपण करतो तेच, पाय फाकवतो. खुरांमधलं अंतर ३० चं ६० केलं की मर्यादा १४ वरून २७ टक्क्यांवर जाते, एकदम दुप्पट. शिवाय तो मान इकडेतिकडे टाकून आणि अंग वाकवून अजून थोडं मिळवतो, कारण घोडा म्हणजे काही लाकडी खोका नाही, त्यामुळे माझे आकडे ढोबळच समजा. पण दिशा स्पष्ट आहे, घोड्याची कमकुवत बाजू म्हणजे डावी-उजवी, आणि तिच्यावरचा सगळ्यात मोठा उपाय म्हणजे पाय बाहेर टाकायला मोकळी जागा.

आणि नेमकी हीच जागा छोट्या गाडीत दोन घोड्यांच्या मधलं पार्टिशन खाऊन टाकतं. पार्टिशन थेट जमिनीपर्यंत कडक पत्र्याचं असेल तर घोडा ज्या बाजूला झुकतोय त्याच बाजूला पाय टाकायला जातो आणि खूर पत्र्यावर आपटतो. काही घोडे वळणावर घाबरून भिंतीवर पाय मारत सुटतात, वर चढायला बघतात, लोक म्हणतात घोडा खोडकर आहे, पण अशा बऱ्याच घोड्यांना जागा रुंद करून दिली किंवा पार्टिशन काढलं की ते शांत उभे राहतात. म्हणून पार्टिशन वर घट्ट आणि खाली उघडं हवं, शेजारच्याचा पाय तुडवला जाऊ नये म्हणून खाली लवचिक रबराचा पडदा लावला की झालं, तो दाबला की सरकतो. जुनी गाडी बघायला गेलात तर वाकून भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग बघा, तिथे खुरांचे तिरके ओरखडे दाट असतील आणि एकाच बाजूला असतील तर ती जागा आधीच्या घोड्याला अपुरी पडत होती असं समजायला हरकत नाही.

तोंड पुढे की मागे, ह्यावर लोक हिरीरीने भांडतात. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या जवळ. पुढच्या-मागच्या पायांत १२० सेंटीमीटर अंतर धरलं तर तो पुढच्यांपासून ४८ आणि मागच्यांपासून ७२ सेंटीमीटरवर येतो. जोरात ब्रेक लागला की अंग गाडीच्या पुढच्या दिशेला जातं, तेव्हा तोंड मागे असलेल्या घोड्याला ७२ चा आधार मिळतो आणि तोंड पुढे असलेल्याला ४८ चा, शिवाय डोकं समोर आपटायची भीती राहत नाही. प्रत्यक्ष मोजमापात मात्र चित्र संमिश्र आहे, काही अभ्यासांत मागे तोंड असताना ठोके कमी दिसले, काहींत फरक दिसला नाही. माझं मत असं, की ४८ असो वा ७२, दोन्ही त्या १५ च्या मानाने भरपूर आहेत, आणि बाजूची अडचण तोंड कुठेही असलं तरी तीच राहते. तिरकं उभं करण्यात वळणावर थोडं मिळतं पण ब्रेकला त्याहून जास्त गमावतं, कारण ४५ अंशांत उभा केला की दोन्हीकडच्या ओढ्याचा मोठा हिस्सा पुन्हा त्या अरुंद बाजूवरच येतो. म्हणून तिरक्या रचनेत पाय फाकवायची जागा जास्तच महत्त्वाची ठरते. पार्टिशन दोन-तीन कोनांत बसवता येणारी गाडी मिळाली तर उत्तम, मग कसं उभं राहायचं ते आपापल्या घोड्यावर सोडता येतं.

मानेचं दुसरं काम तोलापेक्षाही गंभीर आहे. घोड्याच्या श्वासनलिकेत सूक्ष्म केस असतात, ते धूळ आणि जंतू अडकलेला चिकट द्रव वर ढकलत राहतात, आणि चरताना मान खाली असली की हे काम उताराने सोपं होतं. मान तासन् तास वर बांधून ठेवली तर सहा ते बारा तासांतच श्वासनलिकेत जंतूंची संख्या वाढलेली आढळते, लांबच्या प्रवासानंतर होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं हे एक मोठं कारण. म्हणजे गाडीत डोक्यापुढे मान खाली घालण्याएवढी जागा हवी, दोरी बेताची लांब हवी (पाय अडकेल इतकी नाही) आणि दर काही तासांनी थांबून मान खाली सोडू द्यायला हवी. गवताची जाळी नाकाच्या अगदी समोर टांगली तर घोडा सगळी धूळ ओढतो, आणि तो फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेऊ शकत नाही. गवत भिजवून द्या.

हवेचंही तसंच. ५०० किलोचा घोडा नुसता उभा राहूनसुद्धा अर्ध्या किलोवॅटच्या वर उष्णता बाहेर टाकतो, दोन घोडे म्हणजे बंद डब्यात सतत चालू असलेला हीटर. गाडी धावताना खिडकीतून वारं येतं, खरी परीक्षा गाडी थांबल्यावर होते, म्हणून छताला उघडणारी झडप आणि समोरासमोर खिडक्या ह्यांवर खर्च करा. हल्ली घोड्याला "शांत करणारे" रंगीत दिवे आणि चुंबकाच्या मॅटही विकल्या जातात, आणि दुसरीकडे कपाळावरचा भोवरा बघून हा घोडा गाडीत चढणार नाही असं सांगणारे आहेतच. दोन्हींत काही तथ्य नाही. दिवा हवाच, पण साधा आणि भरपूर उजेडाचा, कारण घोड्याचे डोळे उजेडातून अंधाराला जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात आणि उन्हातून बघताना गाडीचं दार त्याला काळी गुहाच वाटते.

रॅम्पबद्दल एकच आकडा लक्षात ठेवा, युरोपियन युनियनच्या नियमात घोड्यांसाठी उतार २० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. गाडीची फरशी ६० सेंटीमीटर उंच असेल तर त्यासाठी रॅम्प किमान पावणेदोन मीटर लांब लागतो, त्यावर पाय अडायला आडव्या पट्ट्या हव्यात, आणि तो एका माणसाला उचलता यायला हवा.

वजनात बरेच लोक फसतात. अनेक देशांत साध्या लायसन्सवर एकूण ३.५ टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. समजा रिकामी गाडी २४०० किलो आहे, उरले ११००, त्यात दोन माणसं १५० किलोंची बसली की ९५०, म्हणजे ५०० किलोंचे दोन घोडे आधीच बाहेर गेले, आणि पाणी, खोगीर, गवत अजून मोजलंच नाही. फक्त ४० लिटर पाण्याचे ४० किलो होतात. विकणाऱ्याच्या कागदावरचा आकडा धरू नका, टाकी भरून गाडी काट्यावर नेऊन वजन करा.

शेवटी फरशी. रबर मॅटखाली मूत्र झिरपतं, त्याचा अमोनिया होतो, लाकूड कुजतं आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर अमोनियात टिकत नाही, वरून मात्र सगळं छान दिसत राहतं. मॅट पूर्ण उचला, कोपऱ्यात आणि कडेच्या सांध्यांत स्क्रूड्रायव्हर दाबून बघा, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी किंवा खड्डे दिसतात का बघा, मग गाडीखाली शिरून आडव्या पट्ट्यांचा गंज बघा. मॅट बोल्टने पक्की बसवलीय आणि काढता येणार नाही असं कोणी म्हणालं तर ती गाडी घेऊ नका.