दोन वयोश्री: एक वस्तू देते, दुसरी पैसे

"ताई, वयोश्रीचा फॉर्म आहे का?" नाशिकच्या सिडकोत आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या टेबलापाशी कुणी असं विचारलं की मी आधी उलट विचारते, "काका, कुठली वयोश्री? केंद्राची की राज्याची?" दहातले आठ जण गोंधळून बघतात. त्यांचा दोष नाही. दोन योजना, दोघींच्या नावात वयोश्री, दोन्ही म्हाताऱ्या माणसांना काठी, चष्मा, वॉकर मिळावा म्हणूनच काढलेल्या. व्हॉट्सअॅपवर एकीची माहिती आणि दुसरीची रक्कम एकाच मेसेजात फिरत असते. मग साठीचे काका पैशांच्या आशेने येतात आणि सत्तरीच्या आजी पैसे मिळत असताना शिबिराची वाट बघत बसतात.

राष्ट्रीय वयोश्री योजना केंद्र सरकारची, २०१७ साली सुरू झालेली. मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्राची, फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने आलेली. केंद्राच्या योजनेत वस्तू हातात मिळते, पैसा मिळत नाही. राज्याच्या योजनेत पैसे खात्यात येतात, वस्तू आपली आपण आणायची. हा एक फरक डोक्यात बसला की बाकीचं समजायला सोपं जातं.

केंद्राच्या योजनेसाठी वय ६० पूर्ण हवं आणि माणूस दारिद्र्यरेषेखालचा तरी हवा किंवा त्याचं महिन्याचं उत्पन्न १५,००० रुपयांच्या आत हवं. काम अलिम्को करते. कानपूरची, कृत्रिम अवयव आणि साहाय्यक साधनं बनवणारी सरकारी कंपनी. जिल्हा प्रशासनाच्या मदतीने आधी तपासणीचं शिबिर लागतं. तिथे तज्ज्ञ बघतात की या माणसाला ऐकू कमी येतं की गुडघा साथ देत नाही, आणि त्याप्रमाणे वस्तू ठरते. काठी, कुबड्या, वॉकर, तीन किंवा चार पायांची काठी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर, दातांची कवळी, चष्मा ही मूळ यादी. पुढे त्यात कमोडची खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, मानेची कॉलर अशी भर पडली. वस्तू मात्र त्या दिवशी हातात येत नाही, वाटपाचं शिबिर वेगळं लागतं. एकाच माणसाला दोन अडचणी असतील तर दोन्हींसाठी साधन मिळू शकतं, आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती अलिम्को फुकट करते. ही शेवटची गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. श्रवणयंत्र बंद पडलं की लोक ते कपाटात ठेवून देतात आणि पुन्हा मोठ्याने बोलायला लागतात.

राज्याच्या योजनेत वय ६५ पूर्ण लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत. "कुटुंबाचं" या शब्दापाशी आमच्याकडे खूप जण अडतात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, तुटपुंज्या पेन्शनीवर दोघंच राहणारे नवरा-बायको सहज बसतात. तेच काका मुलाकडे राहत असतील आणि मुलगा चांगल्या पगारावर असेल तर बसत नाहीत. मिळतात ३,००० रुपये, थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात, आणि एकदाच. दर महिन्याला नाही. "महिन्याला तीन हजार" हा मेसेज इतका फिरला आहे की मला रोज कुणाला तरी ते समजावून सांगावं लागतं, आणि ते ऐकताना समोरच्याचा चेहरा उतरतो तो बघवत नाही.

या पैशातून काय घ्यायचं हे शासन निर्णयात लिहिलेलं आहे: चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी, व्हीलचेअर, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस म्हणजे गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर वगैरे. योगोपचार किंवा मनःस्वास्थ्य केंद्रातल्या प्रशिक्षणासाठीही ते वापरता येतात. अर्जाला आधार, मतदान कार्ड, बँकेचं पासबुक, दोन फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र लागतं. जिल्ह्यात काम बघतात ते समाजकल्याणचे सहायक आयुक्त. नाशिकमध्ये त्यांचं कार्यालय नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात आहे. पैसे आले म्हणजे काम संपलं असं नाही. वस्तू घेतल्याचं बिल ३० दिवसांत योजनेच्या पोर्टलवर चढवावं लागतं, म्हणून दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या आणि ते लाभार्थ्याच्याच नावावर करून घ्या. मुलाच्या किंवा सुनेच्या नावाचं बिल आणलं की पुन्हा खेटे.

दोन्ही योजनांचा लाभ एकाच माणसाला घेता येतो का, हे आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं. राज्याची अट अशी की गेल्या तीन वर्षांत तेच उपकरण कुठल्याही सरकारी योजनेतून फुकट मिळालेलं नसावं. "तेच उपकरण" हे शब्द नीट वाचा. शिबिरातून वॉकर मिळाला असेल तर वॉकरसाठी पुन्हा पैसे नाहीत. पण गरज कमोड खुर्चीची असेल तर वाट बंद झालेली नाही. मिळालेली वस्तू सदोष निघाली किंवा चालेनाशी झाली तर बदलण्यासाठीही अपवाद ठेवलेला आहे.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचं उदाहरण सांगते. वय पंचाहत्तरच्या पुढे, सिडकोचं जुनं छोटं घर, एकट्या राहतात, मुलगा पुण्याला. शिबिरातून त्यांना घडीचा वॉकर मिळाला होता. मी गेले तेव्हा तो खिडकीजवळ उभा होता आणि त्यावर टॉवेल आणि परकर वाळत होते. "आजी, हा वापरत नाही का?" "अगं वापरते की, पण मोरीपर्यंतच." मी मोरीचं दार मोजलं, वॉकरची रुंदी मोजली. वॉकर दारात जातच नव्हता. आजी वॉकर दाराशी सोडायच्या, एक हात भिंतीला, दुसरा नळाला धरून ओल्या फरशीवरून आत जायच्या, आणि पुढे उकिडवं बसायचं संडासात. म्हणजे बैठकीच्या खोलीत, जिथे त्या कधी पडल्या नसत्या, तिथे आधार होता. आणि जिथे पडायची खरी भीती तिथे काहीच नव्हतं.

वॉकर चांगला होता, मजबूत होता. पण शिबिरात माणूस तपासला जातो, त्याचं घर तपासलं जात नाही, आणि दोन योजनांमधला मला सगळ्यात मोठा वाटणारा फरक इथे आहे. राज्याच्या योजनेत पैसे आपल्या हातात येतात, म्हणून आधी घर बघून मग वस्तू ठरवता येते. पण त्यासाठी कुणीतरी ते घर बघायला हवं. पंचाहत्तर वर्षांच्या बाईने एकटीने दुकानात जाऊन कमोड खुर्चीची उंची बघून घ्यावी, बिल घ्यावं, ते पोर्टलवर चढवावं, ही अपेक्षा मला रास्त वाटत नाही. तिथे शेजार लागतो.

आजींचा राज्याचा फॉर्म आम्ही भरला. पैसे यायला वेळ लागणार होता, तोवर रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून कमोड खुर्ची आणली. नाशिकमध्ये सेवाभावी मंडळी अशी केंद्रं चालवतात, वस्तू परत केली की अनामत परत मिळते. घरात कुणी नुकतंच पडलं असेल, प्लास्टर असेल, तर कुठल्याही योजनेची वाट न बघता आधी तिथे जा. दोन्ही वयोश्री सावकाश चालणाऱ्या आहेत. मोरीच्या भिंतीला धरायची स्टीलची दांडी शासन निर्णयातल्या यादीत लिहिलेली नाही. ती शेजारच्या प्लंबरदादांनी स्वतःच्या ड्रिलने एका रविवारी बसवून दिली आणि चहाशिवाय काही घेतलं नाही.

पैसे आले तेव्हा आजींनी स्वतःची कमोड खुर्ची आणि एक ट्रायपॉड काठी घेतली. काठी घरी आल्या आल्या त्या तशीच धरून चालायला लागल्या. खांदा कानापर्यंत वर गेलेला. मी म्हटलं, "आजी, थांबा. चप्पल घाला, सरळ उभ्या राहा, हात सैल सोडा." हात खाली सोडल्यावर मनगटावर जिथे घडी पडते, तिथे काठीची मूठ यायला हवी, मग मूठ धरली की कोपर किंचित वाकतं. अॅल्युमिनियमच्या नळीला एक बारीक बटण असतं, ते आत दाबायचं, नळी सरकवायची, पुढच्या भोकात बटण टक्‌ करून बाहेर आलं पाहिजे. त्यांच्या बोटांत ते दाबायचा जोर नव्हता. काठी दुकानातून आणली काय नि शिबिरातून आणली काय, हे बटण दाबणारं कुणीतरी घरी यावंच लागतं. दोन भोकं खाली घेतल्यावर खांदा उतरला. मग दुसरी चूक दिसली: उजवा गुडघा दुखतो म्हणून काठीही उजव्या हातात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, म्हणजे डाव्या. दुखरा पाय आणि काठी दोन्ही बरोबर पुढे जातात. आजींना पटेना. अंगणापर्यंत चार फेऱ्या मारल्यावर म्हणाल्या, "हां, आता वजन पडत नाही गुडघ्यावर."

आता आमच्या टेबलावर आम्ही आधी तीनच गोष्टी विचारतो: वय साठ की पासष्ट, उत्पन्न कुणाचं आणि किती, आणि वस्तू घरात नेमकी कुठे लागणार. पहिल्या दोन उत्तरांवर कुठल्या वयोश्रीचा फॉर्म ते ठरतं. तिसऱ्यासाठी टेप घेऊन जावं लागतं. साठ ते पासष्टच्या मधल्यांना केंद्राचीच योजना आहे, त्यांची नावं आम्ही वहीत लिहून ठेवतो आणि शिबिर जाहीर झालं की फोन करतो. ज्यांना आमच्यापर्यंत येणं जमत नाही त्यांनी १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ मध्ये फोन करावा. फोन फुकट आहे आणि योजनांची माहिती तिथे मिळते. रात्री-बेरात्री कुणी पडलं तर मात्र हा नंबर नाही, रुग्णवाहिकेसाठी १०८.

आजींच्या काठीच्या तळाचे तिन्ही रबर मी महिन्याभराने उलटे करून बघितले. एक झिजून गुळगुळीत झाला होता. पावसाळा तोंडावर होता आणि अंगणात शेवाळ धरतं, म्हणून त्याच संध्याकाळी मेडिकलच्या दुकानातून नवे रबर आणून बसवले.