काळाघोड्याला किती फूट?

पावसाळा लागला की बडोद्यात नातेवाइकांचा फोन या प्रश्नानंच सुरू होतो. काळाघोडा म्हणजे सयाजीबागेच्या दाराशी असलेला सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा. त्याच्या शेजारच्या पुलावर विश्वामित्रीची पातळी मोजतात. 26 फूट ही धोक्याची खूण. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘आणि आजव्याला?’

संकटात तग धरण्याची वृत्ती, आजूबाजूचं भान, असे शब्द हल्ली शिबिरांतून ऐकू येतात. बडोदेकरांना ते भान आधी नदीनं दिलं. विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते. तिच्या खोऱ्यातला आजवा तलाव तिसऱ्या सयाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून बांधून घेतला. तो ओसंडला तरी पाणी शहरात पोचायला काही तास लागतात. सगळी धडपड त्या तासांत करायची असते.

माझी आजी जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं रेघ मारायची आणि तासाभरानं पाणी किती बोटं चढलं ते बघायची. चार बोटं म्हणजे मेन स्विच बंद. औषधं, पिण्याचं पाणी, कागदपत्रांची पिशवी माळ्यावर. या कामात तिचा आवाज कधी चढला नाही, आणि म्हणून आम्ही मुलंही घाबरलो नाही.

दुसरी शाळा आखाड्यांची. जुम्मादादा वस्तादांचा आखाडा प्रो. माणिकरावांनी व्यायाममंदिर म्हणून वाढवला, आणि सांघिक कवायतीला देशी भाषेतले हुकूम दिले. मी एका लहानशा आखाड्यात लाठी शिकलो. तिथले वस्ताद सांगत, काठीकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. काठी फिरायच्या आधी खांदा हलतो. मध्येच थांबवून विचारत, ‘मागं कोण उभं आहे? मान वळवायची नाही.’ भान म्हणजे काय, हे मला त्या प्रश्नानं जितकं कळलं तितकं पुढे कशानंच कळलं नाही.

जगात या विद्येला शिस्त आली ती मुख्यतः लष्करातून. हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत ब्रिटिश लष्करात नोकरी केलेल्या, स्काउट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी 1907 मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं शिबिर घेतलं. माग काढणं, निरीक्षण करणं हे टेहळ्या शिपायांचं शिक्षण तिथं मुलांना मिळालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात लढायला निघालेल्या सैनिकांना जिम कॉर्बेट यांनी मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात जंगलात वावरायला शिकवलं. पुढे अमेरिकन मरीन दलात अधिकारी राहिलेल्या जेफ कूपर यांनी मनाच्या तयारीला पांढरा, पिवळा, केशरी, लाल असे रंग दिले. पांढरा म्हणजे बेसावध. पिवळा म्हणजे निवांत, पण डोळे उघडे. मला त्यातला पिवळा फार मोलाचा वाटतो, कारण सतत लाल रंगात राहणारा माणूस दमतो आणि ऐन वेळी चुकतो.

बडोद्यात जंगल आणि शहर अशी वेगळी खाती नाहीतच. विश्वामित्रीत, भर वस्तीत, मगरी राहतात. पुरात त्या नाल्यातून, गटारातून सोसायटीच्या आवारात येतात; 2019 आणि 2024 च्या पुरात वनखात्यानं आणि स्वयंसेवकांनी कित्येक मगरी वस्तीतून उचलून नेल्या. म्हणून गुडघाभर गढूळ पाण्यात उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर पुढं काठी टेकत जायचं. काठी उघडं मॅनहोलही दाखवते. पाणी ओसरल्यावर आधी जिन्याखाली, मग गाडीखाली उजेड टाकून बघायचं.

2019 मध्ये 31 जुलैला एका दिवसात जवळजवळ 20 इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये नदी काळाघोड्याला 35 फुटांच्याही वर गेली. आजी तोवर नव्हती. खडू तिच्याच डब्यातला होता. रेघा मी मारल्या, आणि बहिणीनं बोटं मोजली.