कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचे नाव नव्हे

इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा जो कोड स्कॅनरने दाखवला, त्याचा पार्ट बदलला की जुनी गाडी दुरुस्त झाली, हा समज कोल्हापुरात, उद्यमनगरच्या गॅरेजांपासून घरोघरच्या अंगणांपर्यंत, वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि गाडीमालकाच्या खिशाला नाहक चाट लावतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून घरी वाचता येणारा ‘पी०१७१’ हा कोड एवढेच सांगतो, की इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळते आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने ही तक्रार नोंदवली म्हणून तोच खराब ठरत नाही. बहुधा तो आपले काम चोख बजावत असतो. मूळ कारण आत येणारी हवा मोजणाऱ्या मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमध्ये, पेट्रोलच्या कमी दाबात किंवा जादा हवा आत घेणाऱ्या तडकलेल्या रबरी होजमध्ये (नळीत) असू शकते. माझ्या गाडीत, नवा ऑक्सिजन सेन्सर बसवल्यानंतरही डॅशबोर्डवरचा इंजिनाचा इशारा-दिवा पेटलाच, तेव्हा होजच्या घडीत बोटाने ताणल्यावरच दिसणारी नखाएवढी चीर सापडली.

बॅटरीची वायर काढणे हाही उपाय नव्हे. अनेक जुन्या गाड्यांत त्याने दिवा विझतो, पण बिघाडाच्या क्षणी साठवलेली इंजिनाचा वेग आणि तापमान यांची नोंदही पुसली जाते. म्हणून ती आधी वहीत उतरवून घ्यावी.