नातवाचं क्रिएटिनिन १.३, आजीचं १.०

मागच्या आठवड्यात घरात दोन रिपोर्ट एकदम आले. ताईचा मुलगा, वय २५, कोथरूडच्या जिममध्ये रोज दोन तास, त्याचं क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्तात बघतात तो आकडा) १.३ आणि लॅबने त्यावर ठळक खूण केलेली. आमची आई, वय ७८, अंगावर मांस म्हणून नाहीच, तिचं १.० म्हणजे रेंजमध्ये. ताईने पोराची किडनी गेली म्हणून डोळ्यात पाणी आणलं, आईचा कागद कुणी बघितलाही नाही.

खरं तर क्रिएटिनिन किडनीत बनतच नाही. स्नायूंमधलं क्रिएटिन रोज साधारण २ टक्के मोडतं, त्याचा हा कचरा, आणि किडनी तो फक्त बाहेर टाकते. म्हणजे आकड्यात कचरा किती तयार होतो आणि किती निघतो हे दोन्ही मिसळलेलं असतं. पोराचे दंड बघा, कचरा जास्तच होणार ना, त्यात क्रिएटिन पावडर चालू, आणि तपासणी कधी, तर रविवारी सिंहगड चढून आल्यावर दुपारी मटण चापून संध्याकाळी. मांस शिजताना त्यातल्या थोड्या क्रिएटिनचं क्रिएटिनिन होतं, ते पोटातून थेट रक्तात येतं आणि काही तास आकडा फुगलेला राहतो.

औषधांचीही गंमत आहे. युरिन इन्फेक्शनला देतात ते ट्रायमेथोप्रिम क्रिएटिनिनची लघवीत जायची एक वाट अडवतं, त्यामुळे गाळणं ठीक असूनही आकडा वर. किडनीच्या रिपोर्टमधला दुसरा कचरा, युरिया, त्याचं तर बोलूच नका, पाणी कमी प्यायलं तरी वाढतो.

म्हणून क्रिएटिनिनसोबत वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढतात. २०२१ च्या सूत्राने पोराचा ७८ येतो, आईचा ५८! ६० च्या खाली तीन महिने राहिला तर क्रॉनिक किडनी डिसीज, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, म्हणतात. त्यात आईचे स्नायू कमी, म्हणजे हे ५८ पण जरा चढवूनच दिसत असणार.

अशा वेळी सिस्टॅटिन सी या रक्तातल्या प्रोटीनची तपासणी करतात, ते जवळपास सगळ्याच पेशी बनवतात त्यामुळे दंडांचा संबंध फारसा नाही, पण थायरॉईड, स्टेरॉइड, लठ्ठपणा, सिगारेट यांनी तेही हलतं.

डॉक्टरांनी पोराला पावडर बंद करून, मटण-व्यायाम टाळून सकाळी परत रक्त द्यायला सांगितलं. आईच्या लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत गळणारं प्रोटीन) मात्र लगेच तपासायला पाठवलं.