वयात येतानाची कादंबरी आणि वयात आल्यावरची कादंबरी

सदाशिव पेठेतल्या एका छोट्या वाचनालयात मी आठवड्यातून तीन संध्याकाळी पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलाशी बसतो. गेल्या पावसाळ्यात नववीतली एक मुलगी आली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "काका, वडील गेल्यावरचं काही आहे का? गोष्टीचं पुस्तक." मी बराच विचार करून मला स्वतःला अतिशय आवडणारी एक कादंबरी तिला काढून दिली. तिच्यात वडील जातात, घर विस्कटते आणि मुलगा शेवटी गाव सोडतो. चौथ्या दिवशी पुस्तक परत आले. "आवडलं नाही का गं?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "चांगलं आहे, पण ह्यात सगळं आधीच होऊन गेलंय."

मी तिला चुकीचे पुस्तक दिले होते, आणि अशी चूक करणारा मी काही एकटा नव्हे. घरातला मृत्यू, आईवडिलांची भांडणे, पहिले प्रेम आणि पंधरा-सोळा वर्षांचा नायक एवढे जमले की आपण त्या पुस्तकावर किशोरवयीनांची कादंबरी असा शिक्का मारून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या एका शिक्क्याखाली दोन निराळे प्रकार नांदत असतात. पहिला कुमार कादंबरीचा. इंग्रजी वाचणारी मुले तिला वायए (म्हणजे 'यंग ॲडल्ट') म्हणतात आणि ती साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली असते. दुसरा जडणघडणीच्या कादंबरीचा. तिच्यात कुमारवय हा विषय असतो, पण लेखकाच्या मनातला वाचक ते वय मागे टाकून आलेला असतो. विषय, पात्रांची वये आणि पुस्तकाची जाडी यांवरून हा फरक कळत नाही. तो कळतो सांगणारा कुठे उभा आहे यावरून.

भालचंद्र नेमाडे यांची १९६३ साली प्रसिद्ध झालेली 'कोसला' घ्या. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, वडिलांशी त्याचे पटत नाही, धाकटी बहीण मनी जाते आणि तो मुळापासून हादरतो. म्हणजे विषयांच्या यादीतले बरेचसे इथे हजर आहे. पण निवेदन सुरू करतानाच तो आपले वय पंचवीस असल्याचे सांगतो. जे झाले ते होऊन गेले आहे, आणि आता त्याचे काय करायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे. सतरा वर्षांचा मुलगा 'कोसला' वाचू शकतो, आणि पुण्यातल्या वसतिगृहांमधून कित्येकांनी ती त्या वयात झपाटल्यासारखी वाचलीही आहे, पण म्हणून ती कुमार कादंबरी होत नाही.

मग घटना आणि निवेदन यांच्यातली वर्षे मोजली की निकाल लागतो का? तर नाही. जे. डी. सॅलिंजर यांच्या १९५१ सालच्या 'द कॅचर इन द राय'मध्ये होल्डन जेमतेम वर्षभरापूर्वीचे सांगतो, तरीही ती मोठ्यांसाठी लिहिलेली कादंबरी आहे. कुमारांनी ती पुढे आपलीशी केली, हा निराळा इतिहास. होल्डन जगाला खोटारडे म्हणत स्वतः थापा मारत सुटतो, आणि त्या सगळ्या बडबडीमागे मेलेल्या धाकट्या भावाचे दुःख आहे, हे त्याच्या आधी वाचकाच्या लक्षात येते. पुस्तकाला मुलापेक्षा जास्त कळते. याउलट एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' १९६७ साली आली तेव्हा लेखिका अठरा वर्षांची होती. तिच्यातला चौदा वर्षांचा पोनीबॉय आईवडिलांच्या अपघाती मृत्यूनंतर दोन भावांबरोबर राहतो, त्याच्या डोळ्यांदेखत मित्र जातात, आणि आपण जे वाचले तो त्याने इंग्रजीच्या तासासाठी लिहिलेला निबंध आहे, हे शेवटी उघड होते. घटना आणि वही यांच्यात फार दिवस गेलेले नाहीत. मुलाच्या डोक्यावरून मोठ्या वाचकाला डोळा मारणे या पुस्तकाला जमत नाही, आणि ते तसे करायलाही जात नाही.

एकच प्रसंग दोन्ही रीतींनी लिहून पाहिला, तर हे नीट कळेल. कर्वेनगरातले एक घर, वडील जाऊन तीन आठवडे झालेले, पार्किंगमध्ये त्यांची स्कूटर. जडणघडणीची कादंबरी लिहील: "बाबांची स्कूटर त्या वर्षी बरेच दिवस जागची हलली नाही, आणि आईला लग्नाआधी गाडी उत्तम चालवता येत होती, हे मला कितीतरी वर्षांनी मावशीकडून कळले." कुमार कादंबरी लिहील: "आज आईने स्कूटर बाहेर काढली. तिसऱ्या किकला ती सुरू झाली. मी मागे बसले, पण धरायचे कुठे, हेच मला कळेना." पहिल्या वाक्यात आईविषयीची समज आहे, आणि ती मिळायला वर्षे लागली आहेत. दुसऱ्यात फक्त हात आहेत. दुसरे वाक्य लिहिणे सोपे, असा अनेक मोठ्या लेखकांचा समज दिसतो. माझा अनुभव उलटा आहे, कारण तिथे लेखकाला स्वतःजवळचे शहाणपण बाजूला ठेवून बसावे लागते.

दुःखाच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठळक होतो. मागे वळून पाहणाऱ्या कादंबरीत मृत्यूला एक जागा मिळालेली असते: त्याच्या आधीचे आयुष्य, त्याच्या नंतरचे आयुष्य. कुमार कादंबरीत मृत्यू आणि घटक चाचणी एकाच आठवड्यात येतात. तेराव्यानंतर शाळेत गेल्यावर बाकावरची मैत्रीण काय बोलावे हे न सुचून आपला डबा पुढे सरकवते, वर्गशिक्षिका एकाएकी फार गोड बोलू लागतात, आणि मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी विनोदावर आपण खळखळून हसलो याची लाज संध्याकाळपर्यंत पुरते. राग, लाज आणि नुसता कंटाळा हे दुःखाचे भाग मोठ्यांच्या आठवणीतून बहुतेक वेळा गळून जातात. पॅट्रिक नेस यांच्या २०११ सालच्या 'अ मॉन्स्टर कॉल्स'मध्ये आईच्या आजारपणात तेरा वर्षांच्या कॉनरला जे कबूल करायचे असते, ते असेच आहे: हे सगळे एकदाचे संपावे, असे त्याला वाटून गेलेले असते. पन्नाशीतला निवेदक हेच सांगताना स्वतःला केव्हाच माफ करून बसलेला असतो.

प्रेमाची गोष्ट थोडी वेगळी. 'पहिले' हा शब्दच मुळात दुसरे माहीत असलेल्या माणसाचा आहे. जडणघडणीच्या कादंबरीत ते प्रेम संपल्याचे पहिल्या पानापासून हवेत असते आणि त्याची गोडी बरीचशी त्या संपण्यातून आलेली असते. त्यालाच आपण स्मरणरंजन म्हणतो. कुमार कादंबरीतल्या मुलीसाठी ते पहिले नसते, एकमेव असते. घरातल्या भांडणांचेही तसेच. मोठी झालेली मुलगी आईवडिलांची बाजू समजून घेऊ शकते, पण पंधराव्या वर्षी तिच्या वाट्याला भिंतीपलीकडून ऐकू येणारी अर्धी वाक्ये तेवढी आलेली असतात.

मराठीत हा घोळ अधिक होतो, कारण आपल्याकडे मधले कपाटच नाही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत बालसाहित्याचा ढीग असतो, कादंबऱ्यांची रांग असते, आणि वायए म्हणून काही असलेच तर ते इंग्रजी पुस्तकांच्या बाजूला. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याने कित्येक पिढ्यांना वाचते केले, पण ते वय सरल्यावर मुले थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांवर नाही तर इंग्रजीवर जातात. पुरस्कारांची व्यवस्थाही तशीच आहे. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आणि युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. नावावरून दुसरा युवा वाचकांच्या पुस्तकांसाठी असेल असे वाटते, पण ३५ वर्षांपर्यंतची अट लेखकाच्या वयाला आहे.

दोन्हींच्या मधोमध बसलेली पुस्तके असतातच. मिलिंद बोकील यांची २००४ सालची 'शाळा' ही आणीबाणीच्या दिवसांतल्या नववीच्या वर्षाची आणि वर्गातल्या शिरोडकर या मुलीवर जडलेल्या प्रेमाची गोष्ट आहे, ती मुकुंद त्याच्या वयाच्या भाषेत सांगतो आणि मध्ये कुठेही मोठा होऊन बोलत नाही. सांगण्याच्या जागेवरून पाहिले तर ती कुमार कादंबरी ठरावी, पण ती छापली गेली, वाचली गेली आणि गाजली ती मोठ्यांमध्ये. आमच्याकडे तिच्या दोन प्रती आहेत. मी एक मोठ्यांच्या कपाटात ठेवतो आणि एक टेबलाजवळच्या मुलांच्या मांडणीवर. मोठ्यांच्या कपाटातली प्रत परत करताना चाळिशीपुढचे वाचक हमखास आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आठवण काढतात आणि टेबलाशी दहा मिनिटे रेंगाळतात. मांडणीवरची प्रत त्या नववीतल्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीत नेली होती. परत देताना ती स्वतःबद्दल काहीच बोलली नाही, तिने एवढेच विचारले, "काका, शिरोडकर नंतर कुठे गेली, ते कुठे लिहिलंय?"