डिजिटल हॅम कमी पैशात: रेडिओ सगळ्यात शेवटी घ्या

हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवरून लांबच्यांशी संपर्क करणारा माणूस. ह्यातला डिजिटल, म्हणजे कॉम्प्युटर जोडून चालणारा हॅम रेडिओ सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, सेट कुठला घेऊ? मग यूट्यूबवर दोन रात्री जागून माणूस एकतर लाखाच्या पुढच्या आयकॉम कंपनीच्या सेटवर येऊन अडकतो, नाहीतर ऑनलाइन दिसेल तो स्वस्तातला चायनीज वॉकीटॉकी कार्टमध्ये टाकून मोकळा होतो. माझं म्हणणं सरळ आहे. रेडिओ सगळ्यात शेवटी घ्या. आधी ऐकायची सोय, मग अँटेनाची तार, मग लायसन्स आणि मग ट्रान्समीटर, तोही पाच-दहा वॉटचा पुरतो. मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तर हाच क्रम धरावा, कारण इथे पॉवर कमी पडत नाही, बँडवरचा, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यातला गोंगाट जास्त पडतो.

का ते कळायला एफटी८, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे मेसेज रेडिओवरून पाठवायची पद्धत (मोड), कशी चालते ते बघू. हा मोड २०१७ मध्ये आला, जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी ह्या दोन अमेरिकन हॅमनी बनवला, आणि ह्यातले टेलर म्हणजे तेच ज्यांना पल्सारच्या कामासाठी १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, म्हणजे आकाशातून येणारा अगदी क्षीण सिग्नल गोंगाटातून उपसून काढण्यातच ज्यांची हयात गेली असा माणूस. एफटी८मध्ये गप्पा होत नाहीत. एका मेसेजमध्ये फक्त ७७ बिट जातात, त्यात समोरच्याचं कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारं हॅमचं नाव), तुमचं कॉलसाइन आणि तुमची जागा सांगणारा चार अक्षरी कोड किंवा सिग्नलचा रिपोर्ट बसतो. (हा जागेचा कोड मुंबईत गंमतीशीर आहे, १९ अंश अक्षांशाची रेघ परळ-वरळीच्या आसपासून जाते, त्यामुळे कुलाब्याचा हॅम एमके६८ पाठवतो आणि बोरिवलीचा एमके६९.)

ह्या ७७ बिटांना आधी चूक पकडण्यासाठी १४ बिट जोडतात, मग चूक दुरुस्त करण्यासाठी अजून ८३, एकूण १७४ बिट होतात. म्हणजे वाटेत बराच भाग खराब झाला तरी कॉम्प्युटर गणिताने मूळ मेसेज परत उभा करतो. हे सगळं आठ वेगवेगळ्या सुरांत पाठवलं जातं, एक सूर ०.१६ सेकंद, असे ७९ सूर, म्हणजे १२.६४ सेकंद, आणि दर १५ सेकंदांनी एकाची पाळी. सगळ्यांच्या पाळ्या घड्याळावर चालतात, त्यामुळे कॉम्प्युटरचं घड्याळ काही सेकंदांनी जरी हुकलं तरी समोर सिग्नल दिसतोय पण डीकोड शून्य असा प्रकार होतो. इंटरनेटवरून वेळ सिंक करून ठेवा, फुकटात होणारं काम आहे.

आता खरी जादू. एफटी८ साधारण उणे २१ डेसिबलपर्यंत डीकोड होतं, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या शंभरावा भागसुद्धा नसतो तरी मेसेज मिळतो. हे ऐकून लोकांना वाटतं कुठेतरी फेकाफेक आहे, पण नाही, हिशोब नीट बसतो. तो गोंगाट मोजलेला असतो २५०० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात आणि एफटी८चा एक सूर बसतो फक्त ६.२५ हर्ट्झमध्ये. २५०० भागिले ६.२५ म्हणजे ४००, डेसिबलमध्ये २६. म्हणजे त्या बारीकशा फटीतून बघितलं तर सिग्नल गोंगाटाच्या खाली नसतोच, उलट ५ डेसिबल वर असतो. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळच्या गर्दीत कोणी काय बोलतंय ते कळत नाही पण एका सुरात लांबवर मारलेली शिट्टी बरोबर ऐकू येते, तसंच हे. फट जेवढी अरुंद तेवढा आत शिरणारा गोंगाट कमी, आणि त्याची किंमत तुम्ही वेगात मोजता, तेरा सेकंदात जेमतेम दोन नावं आणि एक जागा.

खिशाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय? जे काम आधी पॉवरने व्हायचं ते आता तुमच्या जुन्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. १०० वॉट आणि ५ वॉट ह्यात फरक १३ डेसिबलचा. आणि घरातला एक टुकार चार्जर एस-मीटरचा, म्हणजे रेडिओवर सिग्नलची ताकद दाखवणारा काटा दोन-तीन घरं वर ढकलू शकतो, एक घर म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे १२ ते १८ डेसिबल तिथेच गेले! शिवाय पॉवर वाढवली तर समोरच्याला तुम्ही ऐकू याल पण त्याचं उत्तर तुमच्या घरातल्या गोंगाटात बुडूनच राहणार, त्याला शंभर काय आणि चारशे काय.

म्हणून सुरुवात ऐकण्यापासून, आणि ती शून्य रुपयात होते. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे युनिव्हर्सिटीचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रिसीव्हर, ब्राउझरमध्ये उघडा, ७०७४ किलोहर्ट्झ लावा, अप्पर साइडबँड निवडा, ती जी गुणगुणल्यासारखी सुरावट ऐकू येते ते एफटी८. जगभर लोकांनी किवीएसडीआर नावाचे रिसीव्हरही असेच खुले ठेवलेत आणि त्यात एफटी८ डीकोडर आतच असतो, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. आठवडाभर हे बघा, सकाळी कुठला बँड उघडतो आणि दिवेलागणीला कुठला, हे अंगवळणी पडू दे.

मग पहिली खरेदी, आरटीएल-एसडीआर डोंगल. मुळात ही टीव्ही बघायची यूएसबी कांडी होती, २०१२च्या सुमारास काही लोकांच्या लक्षात आलं की आतल्या आरटीएल२८३२यू चिपमधून कच्चे सिग्नल थेट कॉम्प्युटरला देता येतात, आणि एका फटक्यात स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ जगभर पोचला. साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकू येतं. शॉर्टवेव्हसाठी व्ही३ मॉडेलमध्ये डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय आहे आणि व्ही४मध्ये त्याहून बरी, अपकन्व्हर्टरची. चार-पाच हजारांच्या आसपास मिळतं, पण नकली माल खूप आहे, पाचशे रुपये वाचवायला अनोळखी दुकानदाराकडून घेऊ नका. ह्याचा एक कच्चा दुवा माहीत असू दे, आत ८ बिटचा कन्व्हर्टर आहे, म्हणजे अगदी मोठा आणि अगदी लहान सिग्नल एकाच वेळी त्याला झेपत नाही. मुंबईत एफएम स्टेशनं इतकी जोरात येतात की ती ह्या डोंगलला बधिर करतात आणि मग नको तिथे भुताटकीसारखी गाणी वाजायला लागतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा छोटा फिल्टर मध्ये लावला की बराच फरक पडतो, मी तर म्हणेन इथे राहत असाल तर डोंगलबरोबरच घ्या.

त्याच डोंगलवर अजून एक गोष्ट जरूर करा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्ही चित्रं, म्हणजे सुरांत बदललेली स्थिर चित्रं पाठवतात. गच्चीवर गेलात, साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरच्या दोन काड्यांचा डायपोल धरला आणि फोनवर रोबोट३६ हे फुकट अॅप चालू करून स्पीकरसमोर धरलं तरी चित्र उमटतं. एक एक रेघ करत, दोन मिनिटांत एक चित्र. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं लागतात, येताना सूर थोडा वर आणि जाताना थोडा खाली सरकतो, डॉप्लर इफेक्ट पुस्तकात वाचलेला असतो तो इथे वॉटरफॉलवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सरकत्या सिग्नल-चित्रावर, वाकलेल्या रेघेत समोर दिसतो. घरात शाळेतलं पोर असेल तर त्याला बरोबर न्याच.

आता तार. बँडचं नाव लहरीच्या लांबीवरून, त्यामुळे मोठे बँड म्हणजे मोठी तार, ४० मीटर बँडच्या हाफ-वेव्ह डायपोलला (लहरीच्या अर्ध्या लांबीच्या, मधून जोडलेल्या तारेला) २० मीटर लांबी लागते, ती सोसायटीच्या गच्चीशिवाय शक्य नाही आणि गच्ची म्हणजे कमिटी, अर्ज, मीटिंग. पण १० मीटर बँडचा, २८.०७४ मेगाहर्ट्झचा डायपोल जेमतेम ५ मीटर १० सेंटिमीटरचा होतो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर साधी स्पीकर वायर, मध्ये कोएक्स (टीव्हीच्या केबलसारखी जाळीवाली केबल), टोकांना नायलॉनची दोरी. हा गॅलरीच्या ग्रिलबाहेर तिरका टाकता येतो, ग्रिलच्या लोखंडापासून जितका लांब तितका चांगला. सूर्याच्या डागांचं चक्र २०२४ मध्ये कमाल टप्प्यावर आल्याचं नासाने सांगितलं होतं, हा बँड त्या चक्रावर जगतो, त्यामुळे उतार फार पुढे जायच्या आत वापरून घ्या. तार थोडी लांबच कापा आणि मग नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळते ते दाखवणारं यंत्र) बघत बघत टोकं छाटा, हे यंत्र विकत घेण्यापेक्षा एखाद्या हॅमकडून एका दुपारसाठी मागून आणा. आणि जॉइंटवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळायचा कंटाळा करू नका, आपल्या खाऱ्या हवेत उघडी राहिलेली कोएक्सची जाळी एका पावसाळ्यात काळी-हिरवी पडते आणि मग दोष रेडिओला लागतो. गडगडाट सुरू झाला की केबल काढून बाहेर टाकायची, ह्यात तडजोड नाही.

तार लागली की गोंगाटाची शिकार. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर घ्या, वॉटरफॉल चालू ठेवा आणि घरातली एक एक वस्तू बंद करत फिरा. एलईडी बल्बचा ड्रायव्हर, मोबाईल चार्जर, टीव्हीचा बॉक्स, राउटरचा अडॅप्टर, ह्या सगळ्यांत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा स्विचिंग सप्लाय असतो, आणि त्या चालू-बंदचे पडसाद शॉर्टवेव्हभर पसरतात. स्क्रीनवर ते सारख्या अंतरावरच्या उभ्या पट्ट्यांसारखे, कंगव्यासारखे दिसतात, आणि नेमका तो अडॅप्टर उपटला की सगळ्या पट्ट्या एकदम गायब. तो क्षण बघण्यासारखा असतो. गुन्हेगार सापडला की तो बदला, किंवा त्याच्या वायरचे पाच-सात वेढे फेराइट रिंगमधून घ्या. जुन्या मॉनिटरच्या केबलवरची काळी गाठ म्हणजे फेराइटच, लॅमिंग्टन रोडला भंगारातल्या केबल्समध्ये ढिगाने मिळते. रेडिओला सप्लायही त्याच गल्लीत मिळणाऱ्या यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीचा द्या, स्विचिंगचा आवाज मुळातच नाही.

हे चालू असताना लायसन्सचा अर्ज करून टाका. दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडून परीक्षा होते, वय १२ पूर्ण हवं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड नाही, बेसिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम एवढंच. रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, जनरलला व्हीयू२ने. लायसन्स हातात येईपर्यंत ट्रान्समिट बटणाला हात लावायचा नाही, आणि बाहेरून सेट मागवायचा तर आयातीचे नियम आधी बघायचे. वॉकीटॉकींच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीवर २०२५ मध्ये केंद्राने वेगळ्या गाइडलाइन्स काढल्यात, त्यामुळे कार्टमध्ये दिसतंय म्हणजे चालतं असं समजू नका.

आणि आता ट्रान्समीटर. आपल्या देशातच हैदराबादच्या अशर फरहान ह्यांनी २००३ च्या सुमारास बिटएक्स हे डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं, पुढे त्यातूनच ३ ते ३० मेगाहर्ट्झ चालणारा, साधारण १० वॉटचा मायक्रोबिटएक्स आला. सर्किट समोर उघडं, बिघडलं तर दुरुस्त करता येतं, मला वाटतं शिकणाऱ्यासाठी ह्यापेक्षा चांगला सौदा नाही. फक्त डिजिटलच करायचं असेल तर क्यूआरपी लॅब्जचं क्यूडीएक्स किट आहे, ५ वॉट, साउंडकार्ड आतच, एका यूएसबी केबलवर काम होतं, सोल्डरिंगचा हात मात्र हवा. एक काळजी सगळ्यांनाच लागू, एफटी८मध्ये सेट तेरा सेकंद पूर्ण ताकदीने सलग तापतो, बोलताना तसं होत नाही. म्हणून मायक्रोबिटएक्ससारख्या आवाजाच्या सेटची पॉवर अर्ध्यावर आणा, हीटसिंकला बोट लावून बघा, आणि लॅपटॉपचा ऑडिओ इतकाच ठेवा की सिग्नल स्वच्छ एका रेघेत राहील. फुगवलेला ऑडिओ शेजारच्या दहा जणांचे डीकोड मारतो.

डीएमआरचा हँडी, म्हणजे आवाज डिजिटल करून पाठवणारा हातातला सेट, पहिल्यांदा घेऊ नका असंच मी सांगेन. आवाज छान स्वच्छ येतो, मान्य, पण डीएमआर, डी-स्टार आणि यासूचा फ्यूजन एकमेकांशी थेट बोलत नाहीत, आणि तुमच्या खिडकीतून पोचणारा त्याच जातीचा रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) नसेल तर हातात नुसता डबा. आधी जवळच्या हॅमना विचारा कोण काय वापरतं.

लायसन्सची वाट बघत असलात तरी एक काम आजपासून करता येतं. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या सेटिंगमध्ये पीएसके रिपोर्टर ह्या वेबसाइटला स्पॉट, म्हणजे ऐकल्याच्या नोंदी, पाठवायची एक चौकट असते. ती टिक केली की तुमच्या गॅलरीतल्या तारेवर कुठून कोण ऐकू आलं ते आपोआप जगाच्या नकाशावर जातं. २१ ऑगस्ट २०१७ च्या सूर्यग्रहणात आयनोस्फिअरचं, म्हणजे शॉर्टवेव्ह लांब पोचवणाऱ्या वातावरणातल्या वरच्या थराचं, काय झालं ह्याचा अभ्यास हॅमसाय ह्या गटाने असल्याच हौशी नोंदींवरून केला होता. म्हणून रात्री झोपताना ७.०७४ मेगाहर्ट्झवर डोंगल चालू ठेवा, नावाच्या जागी काहीतरी ओळख आणि ग्रिडच्या, म्हणजे त्या चार अक्षरी कोडच्या, जागी एमके६८ की एमके६९ ते बरोबर भरा, ग्रिड चुकीचं गेलं तर नोंद चुकीच्या जागेवर पडते.